तिसऱ्या खळग्यातली चांदणी

मित्रांनो, तुम्ही ज्याच्यासमोर वह्या उघडून उभे आहात, तो मी एक जुना विश्लेषक आहे. तंत्रनिकेतनाच्या या प्रात्यक्षिक दालनात माझे झाकण काढून ठेवले आहे. माझी थाळी, सुई, नळ्या आणि दिवा तुम्हांला जवळून पाहता यावा, हा त्यामागचा हेतू. आतले सगळे असे उघड्यावर पडलेच आहे, तर मनातलेही सांगून टाकावे म्हणतो.

माझे काम ऐकून तुम्ही नाक मुरडाल. मी माणसांची लघवी तपासत असे. त्या कामाची मला कधीच लाज वाटली नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती सांगायची तर थोडे मागून सुरू करावे लागेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेथे माझी प्रत्येक नळी फुंकून पाहिली गेली. माझी सुई भिंगाखाली धरून तिचे टोक तपासले गेले. माझा दिवा शंभर तास पेटता ठेवून त्याचा प्रकाश कमी होतो का, हे मोजले गेले. शेवटी माझ्या पाठीवर शिक्का बसला, ‘निर्दोष’. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. नंतर तोच शिक्का मला टोचू लागला.

माझी रचना साधी आहे. ही गोल थाळी पाहा. हिच्यात चाळीस खळगे आहेत. प्रत्येक खळग्यात एक लहान पेला बसतो. थाळी एकेक घर फिरते, सुई खाली येते, पेल्यातला थेंबभर नमुना शोषते आणि काचेच्या नळीत सोडते. त्यात एक रसायन मिसळले जाते. हे रसायन फक्त एकाच कुळातल्या पदार्थाला ओळखते. माझ्यासाठी ते कूळ अफूचे होते. ओळख पटली की द्रवाचा रंग बदलतो, दिव्याचा प्रकाश कमी-अधिक पलीकडे जातो आणि मी कागदाच्या पट्टीवर एक आकडा छापतो. तीनशे हा उंबरठा. आकडा तीनशेच्या खाली असेल, तर पुढे काहीच छापायचे नाही. तीनशे किंवा त्याहून वर असेल, तर पुढे एक चांदणी छापायची. तुमच्या वहीत चांदणी मिळाली की तुम्ही ती घरी नेऊन दाखवता. माझी चांदणी मिळालेला माणूस मात्र ती घरी कशी लपवावी, या विचारात पडत असे.

दोन पेल्यांच्या मध्ये माझी सुई धुतली जाई. मागच्या बाटलीतून एक बारीक नळी येते, तिच्यातून पाणी येऊन सुई आतून-बाहेरून स्वच्छ होते. एवढे लक्षात ठेवा.

माझी नेमणूक बसगाड्यांच्या खात्याच्या प्रयोगशाळेत झाली. तीन आगारांचे चालक तिथे तपासणीसाठी येत. खोली लहान होती. एका भिंतीशी मी, कोपऱ्यात एक शीतपेटी, खिडकीखाली टेबल आणि दोन खुर्च्या. फरशीवर दारापासून भिंतीपर्यंत एक पिवळा पट्टा मारलेला होता. मी येण्यापूर्वी संशय आलेल्या चालकाला त्या पट्ट्यावरून चालायला लावत आणि एक तपासनीस त्याच्या तोंडाचा वास घेत असे. एवढ्यावरच निवाडा होई. लंगडणारा एक चालक या पट्ट्यापायी दोनदा घरी बसला होता, असे मी ऐकले.

त्या काळचे प्रयोगशाळाप्रमुख वृद्ध होते. सर्व जण त्यांना जुने साहेब म्हणत. नवा माणूस कामावर रुजू झाला की ते त्याला माझ्यासमोर उभे करत आणि इतिहास सांगत.

“एके काळी अफूचे थेंब वाणसामानाच्या दुकानात मिळायचे,” ते म्हणत. “खोकल्याला तेच, पोटदुखीला तेच. रडणारं मूल झोपावं म्हणून आया गोड औषध पाजायच्या. मुलं झोपायची. काही उठायची नाहीत. बाटलीवर आत काय आहे याचा एक शब्द नसायचा. मग कित्येक देशांत कायदे आले, आणि सुरुवातीच्या कायद्यांनी काय मागितलं, सांगा बघू.”

“शिक्षा?” नवा माणूस म्हणे.

“छे हो! खरं लिहा म्हणाले. बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहा. नंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नका म्हणाले. मग याद्या झाल्या, देशादेशांचे करार झाले, तुरुंग आले. आणि तुरुंग आले तसा प्रश्न आला, की घेतलंय हे ओळखायचं कसं? त्यातून हे मशीन आलं.” मग माझ्या झाकणावर बोटे टेकवून ते म्हणत, “पण याचं मूळ काम तेच. आत जे असेल ते खरं लिहायचं.”

नियम त्यांनीच घालून दिले होते. प्रत्येक चालकाचा नमुना दोन बाटल्यांत विभागायचा. पहिली मी तपासायची. दुसरीवर चालकाच्या सहीची पट्टी चिकटवून ती नव्वद दिवस शीतपेटीत ठेवायची. माझी चांदणी हा केवळ संशय. तो खरा की खोटा, हे दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत निराळ्या पद्धतीने दुसरी बाटली तपासून ठरायचे, पण त्यासाठी चालकाने तशी मागणी करायला हवी. आणि रोज सकाळी माझी स्वतःची परीक्षा आधी. पहिल्या खळग्यात बरोबर उंबरठ्यावरचा नमुना. दुसऱ्यात कडक नमुना, म्हणजे उंबरठ्याच्या शंभरपट अफूचा अंश मुद्दाम मिसळलेला. तिसऱ्यात कोरा नमुना, म्हणजे केवळ स्वच्छ पाणी. कडकनंतर लगेच कोऱ्यावर शून्य आले, तर सुई नीट धुतली जाते आहे असे समजायचे. चौथ्या खळग्यापासून माणसे.

ही कामे करणाऱ्या वरिष्ठ तंत्रज्ञ बाई होत्या. खात्यात सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. त्या मला थाळीवाला म्हणत. सकाळी आल्या की आधी माझे झाकण पुसत आणि म्हणत, “काय थाळीवाले, झोप झाली का?” त्यांचा हात फार नेटका होता. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षे काम केले. दोनदा अपघात टळले. चांदणी मिळालेले ते दोघे चालक पुढे उपचार घेऊन बरे झाले. पाहुणे आले की त्यांना माझ्यासमोर आणून माझे कौतुक केले जाई. मी मनातल्या मनात फुगत असे, हे कबूल करतो.

पुढे जुने साहेब निवृत्त झाले, प्रमुखपद बाईंकडे आले आणि आगारे वाढली. नियमाप्रमाणे दर महिन्याला एका आगारातील दर दहा चालकांमागे एकाची चिठ्ठी निघे. पूर्वी पस्तीस जण येत. मोठ्या आगारात चालकांची संख्या तीनशे ऐंशी झाली आणि अडतीस जण येऊ लागले. माझ्या थाळीत माणसांसाठी जागा होती सदतीस. उरलेल्या एकासाठी दुसरी थाळी लावावी लागे. त्यात दीड तास जाई, त्याची गाडी खोळंबे आणि प्रवासी आगारप्रमुखांच्या नावाने ओरडत.

आगारप्रमुख हे घाईचे पण मनाने वाईट नसलेले गृहस्थ होते. एके दिवशी ते कंबरेवर हात ठेवून माझ्या थाळीकडे बघत राहिले.

“बाई, या तिसऱ्यात काय असतं?”

“कोरा नमुना.”

“म्हणजे त्यात काय असतं?”

“काहीच नसतं. पाणी.”

“मग जे नाहीच ते तपासायला एक घर कशाला अडवायचं? तिथे माझा अडतिसावा बसवा की.”

बाई हसल्या. मी त्या हसण्याला दोष देत नाही, कारण कोऱ्यावर गेली नऊ वर्षे रोज शून्यच येत होते. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या खळग्यात माणसाचा पेला बसू लागला. दुसऱ्या खळग्यातला कडक नमुना मात्र तसाच राहिला. वास्तविक तो कोऱ्यासाठीच तिथे होता. कोरा गेल्यावर त्याला तिथे काहीच काम नव्हते. पण काढायचे ठरले होते ते ‘काहीच नसलेले’, आणि ते काढून झाले होते.

काही महिने सुरळीत गेले. नंतर माझी धुण्याची नळी वाळू लागली. तिला वाकणापाशी केसासारखी चीर पडली. पाण्याबरोबर हवा येऊ लागली आणि सुई अर्धवट धुतली जाऊ लागली. एका माणसाचा अंश दुसऱ्याच्या पेल्यात गेला, तरी तो इतका थोडा असे की काही बिघडत नसे. पण कडक नमुन्याचा शंभरावा हिस्सासुद्धा उंबरठा गाठायला पुरेसा होता. हे मला कळत होते असे म्हणालो, तर ते खोटे होईल. मुळीच कळत नव्हते असे म्हणालो, तर तेही पूर्ण खरे होणार नाही. पाणी पूर्वीसारखे गार लागत नव्हते, एवढे मला नक्की जाणवत होते. पण मला आकड्यांखेरीज दुसरी भाषा येत नव्हती.

त्या महिन्यात मोठ्या आगाराच्या चिठ्ठीत एका चालकाचे नाव निघाले. तो सतत शीळ घालत असे. डोंगरातल्या वळणांवर त्याची शीळ मागच्या बाकापर्यंत ऐकू जाई, म्हणून त्याला सगळे शीळवाले म्हणत. रांग दाराबाहेर लागली होती आणि ते मागे होते.

“अहो, मला जरा पुढे सोडता का? पोरीच्या शाळेत पालकसभा आहे साडेनऊला. मागच्या वेळी पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता.”

“सोडा रे याला,” पुढून कोणी तरी म्हणाले. “पण आत जाऊन शीळ घालू नकोस बाबा. इथे उभ्या उभ्या आमचं काम होऊन बसेल!”

सगळी रांग हसली. शीळवाले पहिले आत गेले. त्यांचा पेला तिसऱ्या खळग्यात बसला.

सुई कडक नमुन्यातून वर आली, अर्धवट धुतली गेली आणि त्यांच्या पेल्यात उतरली. मी छापले : तीनशे बारा. पुढे चांदणी.

बाईंनी पट्टी उजेडात धरली. “एवढासाच वर आहे,” त्या म्हणाल्या.

“वर म्हणजे वर ना?” आगारप्रमुख म्हणाले. “का नियमात ‘एवढासाच’ असा रकाना आहे?”

“नाही.”

तिसऱ्या दिवशी शीळवाल्यांना बोलावले. खिडकीखालच्या खुर्चीवर ते बसले. समोर एक छापील कागद होता. त्यावर दोन चौकटी होत्या. एकीत लिहिले होते, ‘दुसरी बाटली तपासावी’. दुसरीत लिहिले होते, ‘मी सेवन केले होते, चूक मान्य आहे’.

“साहेब, मी काही घेत नाही हो,” शीळवाले म्हणाले. “पोर झाली तेव्हा सिगारेटसुद्धा सोडली मी.”

“तुम्ही घेता असं मी म्हणतोय का? मशीन म्हणतंय.” आगारप्रमुखांनी आवाज खाली आणला. “हे बघा, तुम्ही माझा माणूस आहात म्हणून सांगतो. दुसरी बाटली म्हणजे तुमचीच लघवी, निराळी थोडीच आहे! ती तिकडे लागली, तर परवाना कायमचा गेला. इथे सही केलीत तर पहिलीच वेळ म्हणून तीन महिने घरी, सहा वेळा सल्लागाराकडे, आणि मग गाड्यांच्या धुलाईवर घेतो तुम्हाला. वर्षा-दोन वर्षांनी बघू परत चाक देता येतं का.”

शीळवाल्यांनी बाईंकडे पाहिले. “बाई, हे मशीन कधी चुकतं का हो?”

“आजवर चुकलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. नऊ वर्षे मी चुकलो नव्हतो. माझ्या त्या नऊ वर्षांच्या चांगुलपणानेच त्या माणसाचा हात धरून सही करवली. ती करताना त्यांनी पेन दोनदा उचलले आणि दोनदा खाली ठेवले. तिसऱ्यांदा सही झाली. कबुली आल्यामुळे त्यांची दुसरी बाटली कोणीच उघडली नाही. नव्वद दिवसांनी ती नियमाप्रमाणे नष्ट झाली. मी ते ऐकले. झाकण उघडल्याचा आणि मोरीत ओतल्याचा आवाज आला, एवढेच.

त्यानंतर कधी पहिल्या माणसाला चांदणी लागे, कधी नुसता दोनशे ऐंशीसारखा आकडा येई, कारण नळीत हवा किती शिरेल याचा नेम नव्हता. आणखी एकाला लागली. त्यानेही सही केली आणि तो नोकरी सोडून गेला. तिसऱ्याला लागली. त्यानेही सही केली. मोठ्या आगारात चालक कुजबुजू लागले, “पुढे जाऊ नकोस, पहिल्याला दृष्ट लागते.” सगळे हसत. मला कोणी तेव्हाच उघडून पाहिले असते, तर पुढची गोष्ट सांगावी लागली नसती.

शीळवाल्यांच्या सहीला सात महिने झाले असतील. तेव्हा चिठ्ठीत घड्याळदादांचे नाव आले. हे चालक इतके वेळेवर सुटत की मार्गावरचे दुकानदार त्यांच्या बसवर आपली घड्याळे लावत. दृष्टीबिष्टीची त्यांना फिकीर नव्हती. दार उघडण्यापूर्वी पाच मिनिटे ते रांगेत सर्वांच्या पुढे उभे होते. तीनशे सत्तावीस. चांदणी.

पुन्हा तीच खुर्ची, तोच कागद, आगारप्रमुखांचे तेच शब्द. घड्याळदादांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

“सही करायला माझी ना नाही, साहेब. दिवसाकाठी दहा ठिकाणी करतो. पण इथं लिहिलंय, मी सेवन केलं होतं. मी केलेलं नाही. न घेतलेला थांबा घेतला असं मी आजवर लिहिलं नाही, मग हे कसं लिहू?”

“अहो, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय मी!”

“कळतंय मला. दुसरी बाटली पाठवा.”

“परवाना जाईल हो कायमचा. निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत तुमची.”

“गेला तर गेला,” घड्याळदादा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

तेरा दिवसांनी निकाल आला. दुसऱ्या बाटलीत अफूचा मागमूसही नव्हता. घड्याळदादांना बोलावून बाईंनी पत्र त्यांच्यासमोर दोनदा वाचले. आगारप्रमुख म्हणाले, “तिकडचं मशीन चुकलं असेल.” घड्याळदादा मात्र उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या सुईकडे बघत म्हणाले,

“बाई, एक विचारू? मी पहिला होतो ना त्या दिवशी? मग माझ्या आधी या सुईत कोण होतं?”

“कोणी नाही. तुम्हीच पहिले.”

“असं कसं? गाडी ताब्यात घेताना आम्ही आधीच्याला विचारतो, काय सोडून गेलास म्हणून. माझ्या आधी काहीतरी असणारच.”

“तुमच्या आधी कोणी माणूस नाही. फक्त कडक…” बाई थांबल्या.

“कडक काय?”

“कडक नमुना. अफूचा. आम्हीच घालतो तो.”

मग बाईंनी हात धुतले, एका पेल्यात कडक नमुना घेतला, दुसऱ्यात नळाचे उकळून गाळलेले पाणी घेतले आणि दोन्ही माझ्या थाळीत ठेवले. मी माझे काम केले. पट्टी बाहेर आली. दुसऱ्या पेल्यापुढे आकडा होता तीनशे अठरा, आणि त्यापुढे चांदणी.

स्वच्छ पाण्याने अफू घेतली आहे, असे मी छापले होते.

आगारप्रमुख वाकून पाहत राहिले. “पण त्यात तर काही नसतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना.”

“नसतं,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच ठेवायला हवा होता.”

त्यांनी माझे मागचे झाकण काढले आणि नळीवरून बोट फिरवले. वाकणाशी बोट ओले झाले. बाई तिथेच खाली, त्या पिवळ्या पट्ट्यावर बसल्या. एवढी वर्षे त्यांना मी कधी फरशीवर बसलेले पाहिले नव्हते.

त्याच दिवशी त्यांनी नोंदवही काढली. कोरा बंद झाल्यापासूनच्या थाळ्यांत तिसऱ्या खळग्यातल्या चार माणसांना चांदणी लागली होती. चारही आकडे साडेतीनशेच्या आत होते. घड्याळदादांची दुसरी बाटली स्वच्छ निघाली होती. सर्वांत अलीकडच्या सही करणाऱ्याची बाटली शीतपेटीत अजून शिल्लक होती. ती पाठवली, तीही स्वच्छ निघाली. हे दोघे परत चाकावर गेले. शीळवाले आणि नोकरी सोडून गेलेले ते चालक, या दोघांच्या बाटल्या मात्र नव्वद दिवस उलटून नष्ट झाल्या होत्या. बाईंनी वरच्या कार्यालयाला लिहिले. उत्तर आले : ‘संबंधितांनी स्वेच्छेने कबुली दिली असल्याने प्रकरण बंद आहे.’ बाईंनी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर आले.

तेव्हा त्यांनी शीळवाल्यांना स्वतः बोलावले. ते दुपारी आले. पायांत धुलाईचे गुडघाभर बूट होते आणि बाह्या ओल्या होत्या. बरोबर त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, शाळेतून परस्पर आलेली. ती वडिलांपासून जरा अंतर ठेवून उभी राहिली.

बाई उभ्या राहिल्या. “तुमची काही चूक नव्हती. तुमच्या आधी सुईत आमचाच नमुना होता आणि सुई धुतली गेली नव्हती. मशीन चुकलं. आणि मशीन चुकत नाही असं तुम्हाला सांगितलं ते मी.”

शीळवाल्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

“चुकलं होतं?”

“हो.”

“मी घरी आठवून आठवून थकलो हो बाई. त्या आठवड्यात काय खाल्लं, कुणाच्या हातचा चहा प्यालो. माझ्याकडून काही घेतलं गेलं असेल, नाहीतर कुणीतरी घातलं असेल. शेवटी मेव्हण्यावर संशय घेतला मी. त्याच्याकडे जेवलो होतो ना. तोंड बघत नाही आता मी त्याचं.”

मुलगी पुढे आली. “बाबा, म्हणजे तुम्ही घेतलं नव्हतं?”

“नाही ग.”

“मग मी विचारलं तेव्हा खाली का बघितलंत?”

“सही केली होती ना, बाळा. सही केल्यावर काय सांगणार? तू म्हणाली असतीस, मग सही का केली? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.”

“आता आहे?”

“घाबरलो होतो,” शीळवाले म्हणाले.

मित्रांनो, त्या खोलीत मी इतकी वर्षे होतो. तेथे मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या. खरी कबुली ती एकच होती, आणि तिच्यासाठी कागदावर चौकट नव्हती.

मुलगी नोंदवहीजवळ गेली. वडिलांच्या नावासमोर डकवलेली माझी पट्टी तिने पाहिली. “ही चांदणी खोडून टाका ना.”

“नोंद खोडता येत नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी लाल शाईचे पेन घेतले आणि पट्टीखाली सावकाश लिहिले : ‘हा निष्कर्ष चुकीचा आहे. कोरा नमुना माझ्या संमतीने काढून टाकला होता.’ खाली पूर्ण सही केली, तारीख घातली. मग त्या म्हणाल्या, “याची प्रत मी वर पाठवते. त्यांना माझी चौकशी करावीच लागेल, आणि माझी चौकशी केली की तुमचं प्रकरण उघडावं लागेल. तुम्हालाही एक प्रत देते.”

“दोन द्या,” मुलगी म्हणाली. “एक मामाला दाखवायचीय.”

शीळवाल्यांनी तेव्हा तोंड फिरवले आणि ओल्या बाहीनेच डोळे पुसले.

चौकशी पाच महिने चालली. बाईंची एक वेतनवाढ आणि प्रमुखपद गेले. शीळवाल्यांना चाक परत मिळाले. दोन चौकटींचा तो कागद बदलला. आता चांदणी लागली की चालकाने मागो वा न मागो, दुसरी बाटली आधी जाते आणि तिचा निकाल येईपर्यंत कोणाची कबुली घेता येत नाही. माझी नळी बदलली गेली आणि मी आणखी काही वर्षे नीट काम केले. पण पाहुण्यांपुढे माझे कौतुक होऊ लागले, की माझा आवाज उगाच घरघरू लागे. अखेर नवे यंत्र आले आणि मला येथे, तुमच्याकडे पाठवले गेले.

नोकरी सोडून गेलेल्या त्या चालकाला बाईंनी तीन पत्रे पाठवली. तिन्ही परत आली, ‘पत्ता सोडून गेले’. तो कुठे असेल, घरी कोणासमोर खाली बघत असेल, त्याने कोणा मेव्हण्याशी बोलणे टाकले असेल, मला ठाऊक नाही. माझ्या चुकीची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. ही माझी लाज आहे आणि ती कोणत्याही पाण्याने धुतली जात नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारख्या यंत्राच्या पाठीशी उभे राहील, कोणी त्या टेबलापलीकडे कागद घेऊन बसेल. आमची निगा राखा. आमच्या नळ्या वेळेवर बदला, आणि आम्ही कितीही वर्षे खरे बोललो असलो तरी आम्हांला रोज पुन्हा तपासा. आणि समोरचा माणूस ‘मी केले नाही’ असे म्हणाला, तर त्याच्या हाती पेन देण्याची घाई करू नका. त्याला बसायला सांगा, पाणी द्या, आणि त्याला काही विचारायचे असेल तर विचारू द्या. त्याचा प्रश्न तुम्हांला वेड्यासारखा वाटेल. तरी उठा आणि जाऊन पाहा.